कुसुमचा शब्द, माझा आवाज

मी नेमकं काय काम करते, हे मलकपेठेतल्या माझ्या शेजाऱ्यांना अकरा वर्षांत समजलं नाही. खालच्या मजल्यावरच्या लक्ष्मीअम्मा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, की वरच्या मराठी मॅडम कंप्युटरवर दिवसभर शिव्या वाचतात आणि त्याचा पगार घेतात. ते अगदीच खोटं नव्हतं.

त्याआधी मी आबिड्समधल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, शाळेची पुस्तकं, असं सगळं तपासायची. हैदराबादेत मराठी वाचणारे कमी झाले, मग छापून घेणारे कमी झाले, आणि एक दिवस मालकांनी मराठीचं काम बंद केल्याचं सांगितलं. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. लग्न केलेलं नव्हतं. आई त्याच वर्षी गेली होती. माधापूरच्या एका कंपनीला मराठी नीट वाचता येणारी माणसं हवी आहेत असं कळलं, आणि मी अर्ज केला. कंपनीचं नाव सांगायला करारात मनाई आहे, आणि सांगून तुम्हाला काही फायदाही नाही.

काम असं होतं. लोक मोबाइलवर एकमेकांना उद्देशून काहीबाही लिहितात. कोणी त्याबद्दल तक्रार केली, की ते आधी यंत्र वाचतं. यंत्राला अर्थ लागला नाही तर ते आमच्याकडे येतं. प्रत्येक भाषेचं एक टेबल. मजकूर राहू द्यायचा, काढून टाकायचा, की वरच्यांकडे पाठवायचा, एवढंच ठरवायचं. शिवाय प्रत्येक टेबलाची एक शब्दनोंदवही असे. नवा शब्द दिसला की तो शब्द, त्याचा अर्थ, एक उदाहरण आणि तो आला कुठून, हे त्यात लिहायचं.

एकदा जालन्याच्या एका बाईंचं खातं यंत्राने बंद केलं. त्यांनी भाच्याच्या फोटोखाली लिहिलं होतं, "मेल्या, किती वाळलास, मुडदा बशिवला तुझा, ये घरी, पुरणपोळ्या करते." यंत्राला त्यात जिवे मारण्याची धमकी दिसली. मराठवाड्यात माया जितकी जास्त तितकं मरणाचं बोलणं जास्त, हे मी दोन पानी टिपण करून वर कळवलं. वरून प्रश्न आला, की मग खरी धमकी ओळखायची कशी. मी लिहिलं, "जेवायला बोलावलं असेल तर धमकी समजू नये." तो नियम पुढे कितीतरी वर्षं आमच्या टेबलावर चालला. माझ्या नोकरीतलं मला सर्वांत अभिमानाचं वाक्य तेच.

माझ्या शेजारच्या टेबलावर फरीदा बसायची. ती उर्दू आणि दखनी बघायची. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण आमचं जेवण रोज एकत्र. एकदा आम्हाला शिकवायला एक जण बंगळुरूहून आला होता. त्याने सांगितलं, की शब्द आणि चुटके पसरतात ते रोगासारखे, किंवा बियांसारखे. एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जाताना त्यांची नक्कल होते, नक्कल करताना थोडी चूक होते, आणि ज्या चुकीची नक्कल आणखी सोपी, ती टिकते. शब्द खरा आहे का, चांगला आहे का, याच्याशी त्याच्या टिकण्याचा संबंध नसतो. फरीदाला ते पटेना. मला मात्र लहानपणी दारात येणारी पोस्टकार्डं आठवली. हे पत्र अकरा जणांना लिहून पाठवा, नाहीतर घरात अरिष्ट येईल. माझे वडील बौद्ध, देवाधर्मावर विश्वास नसलेले, तरी आईने गुपचूप अकरा कार्डं लिहिलेली मी पाहिली होती. त्या पत्राला आईची गरज होती. आईला त्याची काहीच नव्हती.

नोंदवहीत एक रकाना बरेच दिवस रिकामा होता. काही माणसं तक्रारीच्या सुरात स्वतःची बढाई मारतात. इंग्रजीच्या टेबलाकडे त्यासाठी नम्रता आणि बढाई एकत्र शिवलेला एक जोडशब्द होता. तो लोकांच्या तोंडी रुळलेला होता, आणि प्रत्येक भाषेने आपापला शब्द द्यावा असं वरून सांगितलेलं होतं. मला सापडेना. आत्मस्तुती म्हणावी तर ती सरळ असते. विनयाचा आव म्हणावं तर ते पुस्तकी वाटतं, कोणी बोलत नाही.

"आपा, मराठी लोगाँ शेखी नै मारते क्या?" फरीदाने विचारलं.

मारतात की, म्हणाले मी, आणि तिला कुसुमचे मेसेज वाचून दाखवले.

कुसुम माझी चौथीपासूनची मैत्रीण. तिचे वडील परभणीकडची शेती भावांवर सोपवून इथे सरकारी नोकरीत आले होते. आमच्या मराठी शाळेत माझ्या डब्यातली भाजी पहिल्यांदा मागून खाल्ली ती तिने. त्यात काय एवढं, असं ज्यांना वाटेल त्यांना ते समजावून सांगता येणार नाही. पुढे तिचं लग्न झालं, दिलसुखनगरला घर झालं, मुलगा कॅनडाला गेला, नवरा वारला. आम्ही दोन-तीन महिन्यांतून एकदा भेटायचो. एरवी ती मला भेटायची ती आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये. तिथे ती रोज लिहायची.

"मुलगा परत तिकीट काढतो म्हणतोय. या गुडघ्यांना एवढं विमान झेपतं का? पण ऐकेल तर शपथ. काय करणार, सोसायचं." किंवा, "सुनेने घर इतकं मोठं घेतलंय म्हणे, की एका खोलीतून दुसरीत जाताना मला धाप लागेल. काय करणार, सोसायचं." किंवा, "नातीला यंदाही बक्षीस. ठेवायचं कुठे, कपाटात जागा नाही. सोसायचं."

मी संध्याकाळी मेट्रोने घरी यायची, कुलूप उघडायची, पंखा लावायची आणि हे वाचायची. ज्याची तक्रार करावी असंही माझ्याकडे कोणी नव्हतं. त्या वेळी मला वाटायचं, की मला तिच्या बोलण्याचा कंटाळा आलाय. खरं तर मला तिचा हेवा वाटायचा. हे आज लिहिता येतं.

त्याच आठवड्यात मी पुण्याला कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या भाचीला, तन्वीला, विचारलं, की तुमच्यात अशा बोलण्याला काय म्हणतात. लिहिण्यापेक्षा बोलून पाठवणं सोपं, म्हणून मी कुसुमचा आवाज काढला. तो सुस्कारा, ते लांबवलेलं "काय करणाऽऽर", आणि शेवटी पडेल सुरात "सोसायचं". मला नकला बऱ्या जमतात. तन्वीने तो आवाज मैत्रिणींना ऐकवला आणि मला विचारलं, "आत्या, हा आवाज एका व्हिडिओला लावू का? तुझं नाव नाही येणार."

मी हो म्हटलं. विचार करायला एक मिनिटही घेतलं नाही.

व्हिडिओत तन्वीची मैत्रीण नवीन फोन हातात घेऊन दुःखी चेहरा करते आणि मागे माझा आवाज येतो. मग दुसऱ्या कोणी तोच आवाज परीक्षेच्या निकालाला लावला. कोणी साखरपुड्याच्या अंगठीला. महिन्याभरात तो माझ्याच टेबलावर येऊ लागला. कोणी फुशारकी मारली की खाली लोक लिहायचे, "सोसायचं". मग नुसतं "सोस". कौतुकाचा सोस या अर्थानेही तो बसत होता, म्हणून तो आणखी पळाला. असं बोलणारी बाई झाली सोसकाकू. मुलं मराठीसुद्धा रोमन अक्षरांत लिहितात, त्यामुळे निम्म्या लोकांनी तो शब्द सॉस असा वाचला, आणि तिथून टोमॅटो सॉसची बाटली आली. आता काही लिहायचीही गरज उरली नाही. बाटलीचं चित्र टाकलं की झालं. बंगळुरूच्या माणसाने सांगितलेलं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. एक दिवस फरीदाने मला हाक मारली. तिच्या टेबलावर चारमिनारकडच्या कोणीतरी लिहिलं होतं, "कित्ता सॉस डालते मियाँ, बिर्याणी दिखरीच नै."

मला आनंद झाला होता, हे कबूल करते. छापखान्यात आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या. माझं स्वतःचं म्हणून काही कोणी वाचलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. मी फरीदाला म्हणाले, की बाई गं, कुठेही जा, माझाच आवाज ऐकू येतो, मला तर कानकोंडं होतं.

फरीदा डब्याचं झाकण लावत म्हणाली, "आपा, ये भी सॉसइच हुआ."

नोंदवहीतला रकाना मी भरला. शब्द, अर्थ, उदाहरण सगळं नीट लिहिलं. तो आला कुठून, या जागी लिहिलं: मूळ अज्ञात. अकरा वर्षांत मी केलेली ती एकमेव खोटी नोंद.

त्याच सुमारास साताऱ्याकडच्या एका बाईंची तक्रार आली. मुलाच्या नोकरीची बातमी दिली तर खाली लोकांनी बाटल्यांची रांग लावली होती. त्यांनी लिहिलं होतं, की मला याचा अर्थ माहीत नाही, पण हे चांगल्या मनाने केलेलं नाही एवढं कळतं. यंत्राला त्यात काही सापडलं नाही. मी ते पाहिलं आणि लिहिलं, सौम्य चेष्टा, राहू द्या. नियमाने ते बरोबरच होतं.

मग आमच्या ग्रुपमध्ये कुसुमने लिहिलं, की मुलगा आता कायमचीच तिकडे ये म्हणून मागे लागलाय, एवढ्या थंडीत माणसाने जगायचं कसं. पहिली बाटली आमच्या वर्गातल्या एका मुलाने टाकली, मुलगा म्हणजे आता सत्तावन्नचा. त्यामागे दहा-बारा आल्या. कोणी हसण्याचं चित्र टाकलं. मी काहीच टाकलं नाही, आणि तेवढ्यावर मी स्वतःला चांगली समजले.

दुसऱ्या दिवशी कुसुमचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग तिने विचारलं, "विमल, तुला या मोबाइलमधलं कळतं. लोक मला सॉसच्या बाटल्या कशाला पाठवायलेत?"

मला तेव्हा सांगता आलं असतं. मी म्हणाले, "अगं, अभिनंदनाचं असतं ते. हल्ली पेढ्याच्या जागी तसलंच काही काही पाठवतात."

"अस्सं होय," ती म्हणाली. तिला बरं वाटलेलं तिच्या आवाजातून कळलं.

त्यानंतर कुसुम सगळ्यांना बाटल्या पाठवू लागली. कोणाच्या घरी बारसं झालं, बाटली. कोणाचा पंचाहत्तरीचा सत्कार, दोन बाटल्या आणि फूल. आमच्या जुन्या बाईंच्या मुलीला डॉक्टरेट मिळाली, तेव्हा तिने ओळीने पाच बाटल्या टाकल्या आणि लिहिलं, "मनापासून." लोक काय समजले कोण जाणे. दोघी-तिघींनी तिचं बघून खरंच अभिनंदनासाठी बाटली वापरायला सुरुवात केली. मूळ अर्थ आमच्या त्या छोट्याशा ग्रुपमध्ये पार उलटा झाला होता, आणि तो उलटवणारी खोटी गोष्ट माझी होती. टेबलावर असं काही आलं असतं तर मी कौतुकाने नोंदवलं असतं.

एके दिवशी कुसुमने लिहिणं थांबवलं. आठवडा गेला, दोन गेले. मग ग्रुपमध्ये एक बारीक ओळ दिसली, की कुसुम ग्रुपमधून बाहेर पडल्या आहेत. कोणी विचारलं नाही. मी फोन केले, तिने घेतले नाहीत. संध्याकाळी घरी आल्यावर मी सवयीने फोन उघडायची, आणि वाचायला काही नसायचं. तिचं रोजचं रडगाणं हीच माझ्या घरात येणारी एकमेव रोजची बातमी होती, हे मला तेव्हा कळलं. फरीदाला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जाके बोलो आपा. फोन पे नक्को."

एका रविवारी सकाळी मी दिलसुखनगरला गेले. क्लासेसच्या पाट्यांखालून, पोरांच्या गर्दीतून तिच्या गल्लीत पोचले. कुसुमने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "या. बसा."

पन्नास वर्षांत तिने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मी बसले. तिने पाणी आणून ठेवलं आणि समोरच्या खुर्चीवर बसली. मी वाटेत जुळवलेलं सगळं विसरले. कसंबसं म्हणाले, की त्या बाटल्यांबद्दल मी तुला खोटं सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. नातीने व्हिडिओ कॉलवर तिला सांगितलं होतं, की आजी, ते चिडवायला असतं. मग हसत हसत तो मूळ व्हिडिओही लावून दाखवला होता. "तिला वाटलं मला गंमत वाटेल. मी आवाज ऐकला. विमल, चौथीपासून ऐकते मी तुझा आवाज. तुला सर्दी झालेली मला फोनवर कळते."

मी मान खाली घातली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती समजावून सांगितल्यासारखी बोलत राहिली. चांगलं झालं असं सरळ म्हणायचं नसतं, हे तिच्या आईने तिला शिकवलं होतं. दृष्ट लागते. बाळ गुटगुटीत असलं तरी हडकुळं म्हणायचं, पीक उभं असलं तरी बरं आहे एवढंच म्हणायचं. "म्हणून मी आधी गुडघा सांगायची. आणि खरं सांगू? नुसतं लिहिलं, आज मुलाचा फोन आला, तर कोण उत्तर देतं? दुखतंय म्हटलं की निदान दोघी जणी औषध सांगतात."

मुलगा तिकीट काढतो म्हणायचा हे खरं होतं. चार वर्षं तो नुसतं म्हणतच होता, हे तिने ग्रुपमध्ये कधी लिहिलं नव्हतं. मलाही सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

मी माफी मागितली. तिने माझ्यासमोरचा पेला उचलून आत नेऊन ठेवला. परत येऊन तिने विचारलं, "तुमच्या ऑफिसात ते शब्द लिहून ठेवतात ना? हा लिहिलास?"

"हो."

"कुणाचा म्हणून लिहिलास?"

मी म्हणाले, की तुझं नाव कुठे येऊ दिलं नाही, मूळ अज्ञात असं लिहिलं. मला वाटलं, निदान एवढं तरी तिला चांगलं वाटेल.

कुसुम खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नाव लिहायचं होतंस गं. एवढी लोकं बोलली माझा शब्द. तेवढं तरी माझं म्हणून राहिलं असतं."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी ती नोंद उघडून पाहिली. जुन्या नोंदी बदलायचा अधिकार आमच्या हातात नव्हता. मी वर विनंती पाठवली. उत्तर आलं, की हा शब्द आता वापरात उरलेला नाही, त्यामुळे दुरुस्तीची गरज नाही. ते खरंच होतं. बाटल्या येणं बंद झालं होतं. त्या जागी दुसरंच काही आलं होतं, ते आता मलाही आठवत नाही.

त्यानंतर मी दर रविवारी दिलसुखनगरला जाऊ लागले. ती पुन्हा मला अगं-तुगं करू लागली, भाकरी-ठेचा करून वाढू लागली. पण ती जपून बोलायची. मुलाची गोष्ट निघाली की "बरा आहे" म्हणायची आणि थांबायची. एखाद वेळी पुढचं वाक्य तिच्या ओठांवर आलेलं दिसायचं, मग ती उठून गॅस बारीक करायची. मला वाटलं होतं, की तक्रारीचं वेष्टन गेलं की ती मोकळेपणी बोलेल. तसं झालं नाही. वेष्टनाबरोबर आतलंही गेलं. आम्ही दोघी टीव्ही बघत बसायचो.

मी निवृत्त झाले त्या हिवाळ्यात तिचा मुलगा खरंच आला, आणि महिन्याभरात घर आवरून तिला घेऊन गेला. तिने ग्रुपमधल्या कोणालाच कळवलं नाही. सामान बांधायला मीच होते. जाण्याच्या दिवशी जिन्यात तिने माझा हात धरला आणि म्हणाली, की येत जा म्हणायचं तर आता कुठे येशील. मी हसले. तीही हसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा मेसेज आला. एकच शब्द होता, "पोचले."

पूर्वीची कुसुम असती तर विमानातल्या जेवणापासून सुरुवात झाली असती. सुनेने आणलेल्या कोटाचं ओझं झालं असतं. नातीने मिठी मारली म्हणून खांदा धरला असता. आणखी काही येईल म्हणून मी फोन हातात धरून बसले. काही आलं नाही. मग मी लिहिलं, "कशी आहेस? नीट सांग."

उत्तर लगेच आलं. "छान आहे," तिने लिहिलं होतं. पुढे पूर्णविराम होता.